माद्रिदहून, प्रोफेसरच्या गावातून

प्रिय सम्या,

व्हॉट्सॲपवर फोटो टाकले की तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून म्हटलं यावेळी सरळ पत्रच लिहावं, वाचायलाच लागेल तुला. विषय ओळखलाच असशील, मनी हाइस्ट, आपली ती दरोडेखोरांची स्पॅनिश सिरियल. लॉकडाउनमध्ये तू तुझ्या घरी आणि मी माझ्या, एकदमच प्ले दाबायचो आणि एपिसोड संपला की फोनवर भांडण, टोळीचा म्होरक्या प्रोफेसर खरंच हुशार की पोलीसच बावळट (माझं मत अजून तेच आहे, पोलीस बावळट). तर फ्रँकफुर्टहून माद्रिदचं तिकीट स्वस्तात मिळालं आणि ठरवून टाकलं, म्युझियमबिझियम नंतर, आधी शूटिंगच्या जागा.

एअरपोर्टवरून मेट्रोची गुलाबी आठ नंबरची लाइन पकडायची, शेवटचं स्टेशन नुएव्होस मिनिस्तेरियोस, आणि बॅग ओढत वर आलास की समोर तुझी बँक ऑफ स्पेन! म्हणजे तिसऱ्या भागापासूनची, जिथे ते सोनं मारायला घुसतात ती. तू छातीठोक सांगायचास ना की ती खरी बँक आहे म्हणून? नाहीये बाबा. मंत्रालयं आहेत ती. सेकुंदिनो सुआसो नावाच्या आर्किटेक्टने १९३३ च्या सुमाराला काम सुरू केलं, मधे यादवी युद्ध पेटलं आणि इमारत पुरी झाली ती हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यात. लांबच्या लांब दगडी कमानी, आणि त्यातून लोक गळ्यात आयकार्ड घालून कॉफीला निघालेले. हेलिकॉप्टर नाही, टँक नाही, काही नाही.

खरी बँक सिबेलेसच्या कारंज्यापाशी आहे, एकोणिसाव्या शतकातली, भलतीच नटलेली. आत सोडत नाहीत उगाच कुणाला, पण हिची गोष्ट ऐक. सोन्याची खोली जमिनीखाली पस्तीसेक मीटरवर आहे, आणि सांगतात की कुणी घुसलंच तर जमिनीखालून जाणाऱ्या ओढ्याचं पाणी आत सोडायची सोय केलेली आहे. म्हणजे सिरियलमधला तो पाणी भरण्याचा प्रकार आपल्याला किती फेकलेला वाटलेला, तो लेखकाच्या डोक्यातला नाहीच! आणि पुढचं तर कहर आहे. १९३६ साली, युद्ध सुरू झाल्या झाल्या, रिपब्लिक सरकारने इथलं सोनं बाहेर काढलं, आधी कार्ताहेना बंदरात नेलं आणि तिथून बोटींनी रशियाला, सुमारे ५१० टन. कुठे गेलं? मॉस्कोला! टोळीत मॉस्को नावाचा माणूस आहेच की आपला. मी तिथे फुटपाथवर उभा राहून एकटाच हसत होतो, एक आजी माझ्याकडे बघत बघत पुढे गेल्या.

पण मला सगळ्यात आवडलेली जागा पहिल्या दोन भागांतली टांकसाळ. ती पण खोटीच. खऱ्या टांकसाळीने शूटिंगला परवानगी दिली नाही, म्हणून सेर्रानो रस्त्यावर ११७ नंबरला स्पेनच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचं मुख्यालय आहे तेच टांकसाळ म्हणून दाखवलं. ते उंचच उंच खांब आठवतात ना, ज्यांच्यासमोर पोलिसांचे तंबू लागलेले, ते मिगेल फिसाक नावाच्या आर्किटेक्टने १९४० च्या दशकात बांधले. पोचलो तेव्हा एक बाई सायकल लावत होत्या, दोन पोरं पायरीवर बसून डब्यातून काहीतरी खात होती, आणि वॉचमन. मी फोन वर केला की तो मुद्दाम दोन पावलं बाजूला व्हायचा, माझ्यासारखे रोज येत असणार.

आता खरी गंमत. तिथून चालत पाचेक मिनिटांवर, त्याच टेकाडावर, रेसिदेन्सिया दे एस्तुदियांतेस म्हणून विद्यार्थ्यांचं एक जुनं वसतिगृह आहे. १९२२ मध्ये तिथे कोण येऊन राहिलं असेल? दाली! ज्याच्या मिशांचा मुखवटा घालून हे सगळे बंदुका घेऊन पळतात तो चित्रकार साल्वादोर दाली. कवी लोर्का आणि सिनेमावाला बुन्युएल पण तिथलेच, तिघांची दोस्ती तिथे जमली. पुढे १९२६ ला दाली परीक्षकांची मला तपासायची लायकी नाही म्हणाला आणि आर्ट कॉलेजातून हाकललं त्याला. म्हणजे मुखवट्याचा मालक आणि नकली टांकसाळ एकाच गल्लीबोळात. सिरियलवाल्यांना हे माहीत होतं की योगायोग, देव जाणे, पण मला ह्याच्यापुढे सगळं फिकं वाटलं. आणि एक, ज्या फिसाकने ते खांब बांधले त्यानेच शेजारी चर्च बांधलं, ते ह्या वसतिगृहाच्या पाडलेल्या ऑडिटोरियमच्या जागेवर. फ्रँकोच्या लोकांनी जुन्या मोकळ्या विचारांच्या जागेवर काय बसवलं ते बघ. हे कुठल्याही एपिसोडपेक्षा भारी आहे यार.

खऱ्या टांकसाळीचं म्युझियम पण बघितलं, टांकसाळ हुआन होर्हे रस्त्यावर, चुकलो, होर्हे हुआन, ही नावं मला आयुष्यात जमणार नाहीत. फुकट आहे. स्पेनचं जुनं चलन पेसेता, नाणी पाडायची यंत्रं, छापे, आणि आख्ख्या हॉलमध्ये मी आणि शाळेची एक सहल. खोट्या टांकसाळीपुढे सेल्फीवाले आणि खऱ्या टांकसाळीत शुकशुकाट, मला तर हे फारच आवडलं.

कायाओ चौकात पण गेलो, जिथे आकाशातून नोटांचा पाऊस पडतो तो. गर्दी, निऑनच्या पाट्या, खिसेकापू. पाच मिनिटं पुरे.

तोलेदोबद्दल मात्र तुला सांगायलाच हवं, कारण तू तिथे राहायचं म्हणत होतास. ट्रेनने अर्धा तास, तिन्ही बाजूंनी ताहो नदी, वर किल्ला, जागोजागी तलवारी आणि बदामाची मार्झिपान मिठाई, गाव झकासच आहे, पण प्रोफेसरचा वर्ग जिथे भरतो तो वाडा तिथे नाहीच! तो माद्रिदच्या पार दुसऱ्या अंगाला, तोर्रेलोदोनेस जवळ, एल गास्को नावाची इस्टेट आहे, तिथे लग्नकार्यं होतात. टोळीतल्या टोकियो-रिओने जिथे पाटीवर प्लॅन शिकला तिथे आता कुणाचा तरी मामा जेवणाच्या पंगतीवरून रुसत असेल.

इटलीतलं फ्लॉरेन्स राहिलं, तिथे प्रोफेसर आणि टोळीतला बर्लिन ड्युओमो चर्चपाशी फिरतात ना, ते तुझ्याबरोबरच करू. शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो, त्यामुळे मे मध्ये यायचं असेल तर आत्ताच अर्ज टाक, कागद मी पाठवतो. त्या टोळीसारखे लाल कपडे आणू नकोस, हात जोडतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या

ता. क. दालीचा मुखवटा तुझ्यासाठी घेतलाय, चायनीज माल आहे, मिशी आत्ताच सुटायला लागलीये.