भाड्याचं घर बघायला निघण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न.

आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव झाला, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत पुढची किमान तीन वर्षं तुम्हाला भाड्याच्या घरात काढायची आहेत. आई, परवा फोनवर तू दोनदा म्हणालीस, "बिल्डर तीस हजार देणार ना, मग तीसचंच घर बघू." या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र लिहितेय. तीसचं घर बघू नका, सव्वीसपर्यंतचंच बघा.

कारण साधं आहे. भाडेकरार होणार अकरा महिन्यांचा आणि इमारत उभी राहायला लागणार किमान तीन वर्षं. दर नव्या कराराला घरमालक पाच ते दहा टक्के वाढ मागतो. दहा टक्क्यांनी धरलं तर २६,००० चे पुढच्या करारात २८,६०० आणि त्याच्या पुढच्या करारात ३१,४६० होतात. बिल्डरच्या करारात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुम्हाला मिळणारं भाडं किती वाढणार, हे बाबा, तुम्ही आधी वाचून ठेवा. तिथे वाढ लिहिलेली नसेल तर हा फरक तुमच्या पेन्शनमधून जाणार. शिवाय बांधकाम रखडलं की बिल्डरचे चेक लांबायला लागतात. घरमालकाला मात्र पाच तारखेलाच भाडं हवं असतं. म्हणून सहा महिन्यांचं भाडं, साधारण दीड लाख, वेगळ्या खात्यात राहू दे. त्याला हात लावायचा नाही.

एका गोष्टीची काळजी करू नका. बिल्डरकडून मिळणारं हे भाडं म्हणजे घर सोडावं लागलं त्याची भरपाई आहे, करपात्र उत्पन्न नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय. तरी विवरणपत्र भरताना सीएंना हे पैसे सांगाच.

आता पहिल्या दिवशी हातात किती पैसे लागतील? डिपॉझिट एक लाख धरा. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात, क्वचित चार महिन्यांचंही. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, २६,०००. एजंटची दलाली एक महिन्याची, आणखी २६,०००. करार, मुद्रांक आणि नोंदणीतला तुमचा निम्मा वाटा दोन हजारांपर्यंत. टेम्पो, हमाल आणि सामान बांधणं अठरा हजार. गीझर, वॉटर प्युरिफायर, एसी काढून तिकडे लावणं, पडद्यांचे रॉड आणि अशी किरकोळ कामं आठ हजार. बेरीज एक लाख ऐंशी हजार होते. त्यातला एक लाख परत येणारा आहे, पण तो तीन वर्षं अडकून पडतो. दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च बिल्डरने द्यायचा ठरला असेल तर ती रक्कम करारात आकड्यात लिहिलेली हवी. दलालीसुद्धा एकदाच मिळणार की घर बदलावं लागलं तर पुन्हा, हेही विचारून घ्या.

बाबा, अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही असं तुमच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगेलच. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपला हा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, घरमालकाने उलट सिद्ध केलं तरच ते बदलतं. तरी "नोटरी पुरे हो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. बँकेला किंवा गॅस एजन्सीला पत्त्याचा पुरावा द्यायला नोंदणीकृत करारच कामाला येतो.

मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं. अकरा महिन्यांचं भाडं २,८६,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, मिळून त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण ७४० रुपये. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,०००. याच्यावर कुणी चार-पाच हजार मागितले तर उरलेली फी कशाची ते विचारा. एजंट यंत्र घेऊन घरी येतो त्याचे हजार-दीड हजार होतात, ते ठीक आहे.

ते यंत्र अंगठ्याचं असतं, आणि खरी अडचण तिथे येते. आई, वर्षानुवर्षं भांडी घासून आणि कणीक मळून तुझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात, आधारशी पटकन जुळणार नाहीत. आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळून ठेव. सकाळी साबणाने धुऊन कोरडी कर. काचेवर अंगठा जोरात दाबायचा नाही, सपाट टेकवायचा आणि हलवायचा नाही. अंगठा जुळला नाही तर दुसरी बोटं चालतात, सगळी करून बघायला सांग. काही एजंटांकडे डोळ्याची बुबुळं वाचणारं यंत्रही असतं. वेळ ठरवतानाच विचारलं तर दोन खेपा वाचतात.

करारातल्या चार ओळी मला आधी फोटो काढून पाठवा. नोटीस दोन्ही बाजूंना एक महिन्याची हवी. लॉक-इन (ठरावीक महिने करार मोडता येत नाही अशी अट) असेल तर तो घरमालकालाही लागू हवा, नाहीतर चौथ्या महिन्यात "मुलाचं लग्न ठरलं, घर हवंय" ऐकायला लागेल. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, ते स्पष्ट हवं. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते (सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच लावता येतो) तो घरमालकाचा, तुमचा नाही. मालमत्ता करही त्याचाच. आणि रंगकाम! घर सोडताना सर्रास एक महिन्याचं भाडं रंगाच्या नावाने डिपॉझिटमधून कापतात. कापणार असतील तर किती ते आकड्यात लिहून घ्या, आणि डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशीच परत मिळेल असंही.

घरमालक परदेशात राहत असेल तर मला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. तेव्हा भाड्यातून कर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते. ते झंझट तुम्हाला नको.

घर बघायला सकाळी सात-साडेसातला जा, संध्याकाळी नको. पाणी सकाळीच कळतं. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडा, तो चालू ठेवूनच बाथरूमचा सोडा आणि धार बारीक होते का बघा. मग सिंकखालचं कपाट उघडून आत हात घाला. तळाची फळी फुगलेली, बोटाला मऊ लागली तर गळती जुनी आहे, वर कितीही नवा सनमायका लावलेला असो. पावसाळ्याआधी बघत असाल तर खिडकीखालच्या भिंतीवर आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळहात टेकवा. ताज्या रंगाचा एखादाच चौकोन दिसला तर त्याच्यामागे ओल आहे असंच धरा. टँकर किती महिने येतो हे वॉचमनला विचारा, एजंटला नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट हवीच, पण लाइट गेल्यावर ती चालते का हेही बघा. कमोड हवा. बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवायला भिंतीला भोकं पाडायची परवानगी आधीच लेखी घ्या.

घर पसंत पडलं तरी टोकन देण्याआधी घरमालकाच्या नावाची कागदं बघा: इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं बिल आणि आधार. तिन्हीवर नाव एकच हवं. घर दाखवण्याआधीच "गेटपास"चे पैसे ऑनलाइन मागणारा सरळ फसवणारा आहे, फोन ठेवून द्या. विजेच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये टाकला की थकबाकी दिसते. पाइपचा गॅस असेल तर त्याचंही मागचं बिल मागा. चावी घेताना दोन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा, आणि भिंती, फरशी, दारं, पंखे यांचेही. मग ते घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवणं घरमालकाचं काम आहे. त्याची पावती मागून घ्या.

सामान अर्धं करा. सागवानी कपाट आणि मोठं पिंप मावशीकडे ठेवता येतील. देव्हारा मात्र न्या, नव्या घरात पूर्वेची भिंत बघताना त्याची उंची मोजून ठेवा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि आपल्या घराचा मूळ करार भाड्याच्या घरात ठेवायचा नाही, बँकेच्या लॉकरमध्येच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नव्या घराचा बिल्डरबरोबरचा तुमचा स्वतःचा करार नोंदणीकृत होऊन प्रत हातात येईपर्यंत आणि पहिल्या वर्षाच्या भाड्याचे चेक मिळेपर्यंत आपल्या घराची चावी द्यायची नाही. शेजारचे देऊन मोकळे झाले तरीही नाही.

रविवारी सकाळी फोन करते. तोवर बाबा, बिल्डरच्या मसुद्यातलं भाड्याचं पान आणि सोसायटीच्या ठरावाची प्रत स्कॅन करून पाठवा. आई, तू आपल्या कपाटांची लांबी-रुंदी टेपने मोजून वहीत लिहून ठेव.

तुमची,
ताई