नुसता वृत्तनिवेदक नव्हे

माननीय संपादक,
स.न.

‘अँकर’ शब्दावरचे आपले टिपण वृत्तनिवेदकापाशीच थांबले. बोटीवर नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला अँकर म्हणजे आधी नांगर. तो निव्वळ वजनाने जहाज धरत नाही. फाळ तळात रुततो आणि तळावर पसरलेली जड साखळी ओढ आडवी ठेवते. म्हणून साखळी पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट सोडतात. रस्सीखेचीत सर्वांत मागचा गडी अँकर, हे पटते. रिले शर्यतीतला शेवटचा धावपटूही अँकर. तो तर सुसाट पळतो! मानसशास्त्रज्ञ टव्हर्स्की-कानेमन यांनी १९७४ मध्ये मांडलेले ‘अँकरिंग’ मात्र चपखल: आधी ऐकलेल्या आकड्याभोवतीच आपला अंदाज घुटमळतो. वेबपानावरच्या दुव्याचा ‘ए’ टॅग (पानाच्या संकेतलेखनातली खूण) म्हणजेही अँकरच, हे नातवाकडून कळले.

आपला,
एक निवृत्त खलाशी