रेघ मागणारं गिऱ्हाईक

संपादक महोदय,

टीव्ही संचांतून कला घडवणारे कोरियन कलाकार नाम जून पाइक यांना जाऊन २९ जानेवारीला वीस वर्षं झाली, त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. व्हिडिओ कलेचे जनक, झेन, बुद्ध सगळं आलं. शुया आबे हे नाव मात्र कुठेच नाही. हे जपानी इंजिनिअर. १९६४चा चालणारा-बोलणारा रोबो असो की १९६९-७०चा व्हिडिओ सिंथेसायझर (पडद्यावरच्या चित्राचे रंग-आकार बदलणारं यंत्र), पाइकांच्या डोक्यातलं सर्किटवर उतरवायला आबेच होते. मी मिरजेत चौतीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, म्हणून मला हे जरा जास्तच लागलं असेल.

पाइक मला कळले ते चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीमुळे. दुकानात येऊन म्हणाली, "काका, भंगारातला एखादा टीव्ही द्या ना, पण त्यावर नुसती एक रेघ दिसायला हवी." रेघ आली म्हणून रडत येणारी गिऱ्हाइकं रोजची. रेघ मागणारं हे पहिलंच. व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, गेला की चित्र मिटतं आणि मधोमध आडवी पांढरी रेघ उरते. आम्ही त्या भागाचा आयसी (चिप) बदलून मोकळे व्हायचो. तिने मोबाइलवर दाखवलं : जर्मनीतलं वुपर्टाल, १९६३. प्रदर्शनासाठी आणलेला एक संच वाटेत बिघडला, पडद्यावर रेघच उरली. पाइकांनी तो दुरुस्त केला नाही, सरळ कुशीवर ठेवला. रेघ उभी झाली. नाव दिलं 'झेन फॉर टीव्ही'. चौतीस वर्षांत मला हे एकदाही सुचलं नाही!

तिला चौदा इंची संच दिला. आयसी काढला, ब्राइटनेस उतरवून ठेवला. ट्यूबमधला सगळा इलेक्ट्रॉनचा झोत (बीम) एका रेघेत आला की काचेच्या आतला चमकणारा थर (फॉस्फर) जळून कायमचा डाग पडतो. पुढे प्रदर्शनाच्या वेळी तिला कुणीतरी सांगितलं, एलसीडीवर व्हिडिओ लाव, रेघ ती रेघच. नाही हो. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची रेघ बारीक थरथरते, काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहतात. तिने त्या सांगणाऱ्याचं ऐकलं नाही, ट्यूबच ठेवली.

अमेरिकेतला व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला पुढे एवढा नावारूपाला आला, तोही तरुणपणी सिराक्यूजच्या संग्रहालयात पाइकांचा मदतनीस होता. हाताखाली राहून शिकणं आमच्या धंद्यातही तसंच.

कोरियात ग्वाचॉनच्या संग्रहालयात पाइकांचा १९८८चा १,००३ टीव्हींचा मनोरा आहे. तो २०१८मध्ये बंद करावा लागला. तिथल्या लोकांनी सातशेच्या वर ट्यूबचे संच दुरुस्त केले, उरलेल्यांच्या जागी सपाट पडदे बसवले आणि २०२२मध्ये मनोरा पुन्हा पेटवला. आपल्याकडे भंगारवाला तांब्यासाठी योक (ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी) ओढतो आणि ट्यूबची मान तिथेच मोडते.

माझ्याकडे अजून अकरा चालू संच आहेत. कुणा विद्यार्थ्याला हवे असतील तर खुशाल न्यावेत, पैसे नकोत. येताना टेम्पो आणावा, एकवीस इंची दोघांनाही उचलत नाही.

— एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक, मिरज