मॅडम, ००४७ ची शून्यं जागेवर आहेत

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

क्रोम ब्राउझरमधून एक्सएसएलटी (डेटा फाइलचं वेबपान बनवणारी भाषा) काढून टाकणार, असं २०२५ मध्ये जाहीर झालं तेव्हा पहिली आठवण तुमची झाली. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय.

दूध संस्थेचं ते काम आठवतंय ना? संकलन केंद्रावरून सकाळ-संध्याकाळ एक्सएमएल फाइल यायची, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावलेला मजकूर. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर. सभासदाला मोबाइलवर दहा दिवसांचं बिल दिसावं, एवढंच मागणं. मी हुशारी करून एका तयार लायब्ररीनं (आयत्या कोडनं) अख्खी फाइल जेसनमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टला सोप्या पडणाऱ्या स्वरूपात, बदलली आणि पुढचं सगळं फोनमधल्या जावास्क्रिप्टच्या गळ्यात घातलं. डेमो झकास झाला. पहिल्याच बिलाला एका आजोबांचा फोन : "माझा नंबर ००४७. हा ४७ कोण?" लायब्ररीनं क्रमांकाला आकडा समजून पुढची शून्यं खाल्ली होती. एका काकूंचं तर पानच कोरं. त्यांची म्हैस आटली होती, पहिल्या दिवशी सकाळी घातलं तेवढंच दूध. नोंद एकच असली की ती लायब्ररी यादी करायचीच नाही, सुटा ऑब्जेक्ट द्यायची. आणि माझा लूप यादी शोधत बसलेला.

मग दुसरं टोक. ब्राउझरमध्येच एक्सएसएलटी चालवायला घेतलं आणि तारखेनुसार दोन वेळचं दूध एकत्र दाखवायला दोन रात्री 'की' आणि 'जनरेट-आयडी' या आडवळणाच्या फंक्शनांची कसरत केली. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "अरे, ब्राउझरला १९९९ ची १.० आवृत्तीच कळते. गट पाडायचं फॉर-ईच-ग्रुप २.० मध्ये आलं, २००७ ला. सर्व्हरवर कर ना." आणि मग, "बिल दिवसातून किती वेळा बदलतं?" दोनदा. "बघतात किती जण?" सगळेच. "मग प्रत्येकाच्या फोनला तेच दळण कशाला?"

मी जरा रागावलो होतो, खरं सांगतो. तुम्हाला जावास्क्रिप्टचं वावडं आहे असं वाटलं. पण दर काढायचं कॅल्क्युलेटर तुम्हीच जेसनवर ठेवायला लावलंत. फॅट बदलला की आकडा तिथल्या तिथे हलायला हवा, म्हणून.

बिलासाठी मात्र सर्व्हरवर सॅक्सन हे एक्सएसएलटी २.० चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं. फाइल आली की एकदाच साधा एचटीएमएल तक्ता तयार. छापील पावतीही त्याच फाइलवरून, फक्त टेम्प्लेट वेगळं. क्रमांक शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच राहतो, त्याला कुणी आकडा समजत नाही. क्रोमच्या बातमीनंतर धास्तावून सगळा कोड चाळला. एक ओळही बदलावी लागली नाही.

आणि संस्थेच्या सचिवांसमोर चूक कुणाची, हे तुम्ही बोलला नाहीत. "आमच्याकडून राहिलं" म्हणालात. त्याचे आभार तेव्हाच मानायला हवे होते, ते आज मानतो.

आपला,
सत्तेचाळीस
(ऑफिसात अजून हेच नाव चालतं, तुमची कृपा.)