नाणं एकच, पण रान दुसऱ्याचं

तेर,
श्रावण

चि. ताईस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू ते नाणं चिमटीत धरून दाखवलंस, तेव्हा आई म्हणाली, "एवढंसं? टिकलीएवढं तर आहे!" मला मात्र त्यावरचा लांब क्रूस दिसला आणि जन्मभर पोरांना इतिहास शिकवलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. इंग्लंडात, गव्हाची कापणी झालेल्या सफक परगण्यातल्या रानात धसकटांतून धातू शोधायचं यंत्र फिरवत माझी लेक चांदीचं नाणं काढते, याचं मला कौतुकच आहे. रात्रपाळ्या करून सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत फिरतेस, तेही बरं.

मग मी विचारलं, परवानगी कुणाची घेतलीस? तू म्हणालीस, मैत्रीण नेहमी जाते तिथं, शेतकरी ओळखीचा आहे, त्यानं ट्रॅक्टरवरूनच हात केला. आणि लगेच म्हणालीस, "अण्णा, एकच नाणं आहे, खजिना थोडाच आहे! कुणाला कळवायलाही नको. म्हणजे माझंच झालं ना?" तेवढ्यात रेंज गेली आणि माझं उत्तर घशात राहिलं. म्हणून हे लिहितोय. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

हात केला म्हणजे रामराम झाला गं. परवानगी कुठं झाली?

तुझं अर्धं बरोबर आहे. तिथला १९९६ चा ट्रेझर ॲक्ट मी वाचला. तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर तो खजिना, आणि चौदा दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक. २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, फार महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. सुटं एकटं नाणं सहसा त्यात बसत नाही, हे खरं. पण खजिना नाही म्हणून ते ताईचं, असं कुठं लिहिलंय? जमिनीत पुरलेलं ज्याची जमीन त्याचं. सरे परगण्यात एका सार्वजनिक बागेत एकाला असंच यंत्र फिरवताना मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच सापडला होता. बाग लोकांना फिरायला खुली होती, तो काही कुंपण ओलांडून शिरला नव्हता. तरी १९९५ साली अपील कोर्टानं ब्रोच नगर परिषदेचा ठरवला. फिरायची मोकळीक दिली म्हणजे खणायची दिली असं होत नाही. आपल्याकडे पाणंदीनं जायचा हक्क सगळ्यांना असतो, म्हणून बांधावरची बोरं सगळ्यांची होत नाहीत, तसंच.

म्हणजे खजिना सापडला तर तुझ्यावर कायद्याची नजर असते. एकटं नाणं सापडलं तर नजर नाही, आणि मालकाला ते सापडल्याचा पत्ताही नाही. तू, नाणं आणि तुझा खिसा. माझी झोप उडाली ती याच्यामुळं, कारण मी स्वतः त्यातून गेलोय.

तुला हे कधी सांगितलं नाही. मी सहावीत असताना पहिल्या मोठ्या पावसानंतर आम्ही पोरं पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पळायचो. वरची माती वाहून गेली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं उघडी पडायची. आपल्या गावात रामलिंगप्पा लामतुरेंनी असंच एकेक वेचून जमवलेलं, त्यातूनच आज सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. एकदा शेजारच्या रानात, पांढरीच्या उतारावर, मला शिशाचं एक जड, काळपट नाणं सापडलं. सातवाहनांचं असणार, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की शिसं आहे. तेरणेवर गळ टाकायला वजन हवं होतं. चुलीवर डबीत वितळवलं, गोळी केली, तिसऱ्या दिवशी ती गळासकट कपारीत अडकून गेली. त्या नाण्यावर हत्ती होता की जहाज, मी बघितलंसुद्धा नाही. आणि ते रान कुणाचं, त्याला विचारावं, हे तर मनातही आलं नाही. पुढं त्या काकांच्या पडवीत बसून मी शेकडो वेळा चहा प्यायलो. ते वारले तरी सांगायचं राहिलं ते राहिलंच.

उलट बाजूही तू पाहिली आहेस. नववीत होतीस, म्हसोबाच्या दगडापाशी रात्रीतून तीन खड्डे पडले होते, छातीइतके खोल. कापलेली लिंबं, कुंकू, आणि ठिबकची नळी दोन ठिकाणी तोडलेली. गुप्तधनवाले. पोलीस पंचनामा करून गेले. मला नुकसानीपेक्षा जास्त लागलं ते हे, की माझ्या रानात कोण आलं, काय बघितलं, काही नेलं का, हे मला आजही ठाऊक नाही. पुढं महिनाभर मी खाटलं रानात टाकून झोपलो. तिकडं अशा रात्रीच्या लोकांना नाइटहॉक म्हणतात म्हणे. नाव ऐटीत आहे, धंदा तोच.

आपल्याकडचा कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत दडलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! आज त्यात फार तर एक चहा येतो.

आता तुझ्या शेजारची गोष्ट. हॉक्सन तुझ्या सफकमधलंच गाव आहे, कधीतरी जाऊन ये. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं एरिक लॉज या ओळखीच्या माणसाला यंत्र घेऊन बोलावलं. हातोडा शोधताना चांदीचे चमचे आणि रोमन नाणी लागली. लॉजनं थोडं काढलं, पुढं मात्र खणत बसला नाही. शेतकऱ्याला सांगितलं, परगण्याच्या कचेरीला कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन बाकीचं नीट काढलं, म्हणून कोणती वस्तू पेटीत कुठं ठेवली होती तेसुद्धा कळलं. जवळजवळ पंधरा हजार नाणी. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्यानं शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला या सगळ्यात त्या हातोड्याचंच जास्त अप्रूप वाटतं. लॉज त्या रानात गेला होता दुसऱ्याची वस्तू शोधून द्यायला.

आणि गंमत बघ, त्या ठेव्यात मिरपूड ठेवायच्या चांदीच्या चार कुप्या आहेत. मिरी आपल्याकडच्या, मलबारकडच्या. आपल्या तेरचं नाव, तगर म्हणून, 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक व्यापारी-ग्रंथात आहे, इथलं कापड भडोचच्या बंदरातून त्यांच्या बाजारात जायचं. दोन हजार वर्षांपूर्वी आपली माणसं त्यांना विकत होती, आणि आज तू त्यांच्या मातीत वाकून शोधते आहेस.

एक बारकावा विसरू नकोस. हॉक्सनचं ते रान शेतकरी कसत होता, पण जमीन परगण्याच्या कौन्सिलची होती. तुझा तो ट्रॅक्टरवाला मालक आहे की ठोक्यानं करतो? आपल्याकडे वाटेकऱ्यानं "घ्या की ऊस तोडून" म्हटलं, म्हणून तोडतो का आपण? कसणाऱ्याला विचारायचं, कारण पीक त्याचं, आणि मालकाला विचारायचं, कारण माती त्याची. दोघांनाही. त्यांच्याकडे सातबारा नाही, पण जमिनीची नोंद असते, आणि शेतकऱ्याला सरळ विचारलं तर तो सांगतोच. रान एखाद्या सरकारी योजनेत घातलेलं असेल तर तिचेही नियम असतात, तेही तोच सांगेल.

आणि हे विचारणं एका "हो"वर संपत नाही, बरं का. काय काय निघू शकतं ते त्याला आधी सांग. नाणं कुणाचं, विकलं तर वाटा किती, तू नुसता फोटो आणि नोंद ठेवणार की वस्तू नेणार, सोबत कोण येणार, सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या. त्याला विचित्र वाटेल, "अहो, न्या की" म्हणेल. तरी लिही. पैशाचं नाव निघालं की चेहरे बदलतात, मग कागद बोलतो. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांना वायकिंग काळातला ठेवा सापडला. मालकाला पत्ता नाही, कोरोनरला पत्ता नाही, नाणी गुपचूप विकायला काढली. २०१९ साली दोघंही तुरुंगात गेले आणि बहुतेक नाणी आजही बेपत्ता आहेत. मला वाटतं, मालकाच्या दारात एकदा लाजत का होईना उभे राहिले असते तरी पुढचं टळलं असतं.

खड्डा घेतलास तर गवताचं ढेकूळ उलटं न करता परत बसव. फाटक उघडं असेल तर उघडं ठेव, बंद असेल तर बंद. नांगरानं हलवलेली माती जिथं संपते तिथं थांब, त्याखालची न हललेली माती खणणं तुझं काम नाही. भंगार, खिळे, दारूच्या बाटल्यांची बुचं सापडतील ती त्याच्या रानात परत टाकू नकोस, पिशवीत भरून आण. शेतकऱ्याला सर्वांत आधी तेच दिसतं, नाणं मागाहून.

राहिलं आता हातात असलेलं नाणं. घासू नकोस, पितांबरी-बितांबरी तर मुळीच नको. सापडल्या जागेचा आकडा फोनवर असेल तो लिहून ठेव. तुमच्या परगण्यात फाइंड्स लायझन ऑफिसर असतो, तो नोंद करून घेतो. पण त्याच्याकडे जायच्या आधी शेतकऱ्याकडे जा. रविवारी सकाळी, मैत्रिणीला बरोबर घेऊन, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून. नाणं त्याच्या तळहातावर ठेव आणि म्हण, हे तुमच्या रानात सापडलं. तो म्हणेल, ठेव तुझ्याकडे. बहुतेक म्हणेलच. नाही म्हणाला तर फोटो काढून घे आणि मला पाठव, मी त्यावर कोणता राजा आहे ते शोधतो.

सोयाबीन फुलोऱ्यात आलंय, पाऊस आठ दिवस नाही. आई विचारते, त्या बुटांत पाणी शिरतं का, आणि एवढ्या वाऱ्यात कानाला काही बांधतेस की नाही.

तुझे,
अण्णा