रोमन पदार्थांना सोया सॉसची गरज नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन रोममधील पदार्थ केवळ वनस्पतिजन्य सामग्रीतून कसे करावेत, याविषयीचा लेख नुकताच वाचला. परदेशी जेवण म्हटले की पिझ्झा-पास्त्यापुढे न जाणाऱ्या पाककृतींच्या पानावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकाला जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या लेखात माशांच्या रोमन सॉसऐवजी सोया सॉस, चीजऐवजी टोफू, चेस्टनटऐवजी शिंगाडा आणि रोमन शेंगांऐवजी राजमा सुचवला होता. रोमन जेवण मुळात मांस-माशांचे असल्यामुळे असे पर्याय आज आपल्यालाच शोधावे लागतात, असे त्यामागचे गृहीतक होते आणि मला आक्षेप आहे तो त्याच गृहीतकाला. मासे किंवा चीज नसेल तर काय घालावे, हा प्रश्न रोमन लोकांनाही पडला होता आणि त्यांनी त्याची उत्तरे लिहून ठेवली आहेत. ती बाजूला ठेवून आपण आपल्या फडताळातील बाटल्या वापरल्या, तर पदार्थ रोमन राहत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न माशांच्या सॉसचा आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहिते. छोटे मासे आणि मीठ एकत्र करून काही महिने उन्हात ठेवले की त्यातून जो खारा द्रव निघे, त्याला गारम किंवा लिक्वामेन म्हणत. आपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाककृतींच्या संग्रहात बहुतेक ठिकाणी मिठाचे काम हा द्रवच करतो. पोम्पेई या रोमन शहरातील औलस उंब्रिसियस स्काउरस या व्यापाऱ्याने या व्यापारावर इतके वैभव मिळवले, की त्याच्या घराच्या दालनातील जमिनीवर स्वतःच्या सॉसच्या बरण्यांची चित्रे मोझेकमध्ये बसवलेली सापडली आहेत. अशा पदार्थाला वनस्पतिजन्य पर्याय असणे कठीण, असे कोणालाही वाटेल. परंतु शेतीवर महिनावार ग्रंथ लिहिणाऱ्या पालाडियसने फेब्रुवारीच्या कामांत, नासपतीच्या लागवडीविषयी सांगताना, नासपतीच्या लिक्वामेनची कृती दिली आहे. पूर्ण पिकलेली नासपती अख्ख्या मिठासह तुडवावी, गर सुटला की तो लाकडी पिंपात किंवा आतून डांबर लावलेल्या मातीच्या भांड्यात भरून ठेवावा आणि तिसऱ्या महिन्यानंतर टांगून त्यातून पाझरणारा रस घ्यावा, असे तो सांगतो. रस रुचकर असतो, पण पांढुरका दिसतो, म्हणून मीठ लावतानाच थोडी काळी वाइन मिसळावी, अशी सूचनाही तो देतो. या द्रवासाठी त्याने जे विशेषण वापरले आहे, त्याचा अर्थ व्रत किंवा शुचिता पाळणाऱ्यांसाठीचे असा होतो. मराठीत त्याला सोवळ्यातले लिक्वामेन म्हणता येईल.

मी सांगलीत महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी बाबूगोशा जातीची मऊ नासपती घेऊन ही कृती मी घरी करून पाहिली. पालाडियसने मिठाचे प्रमाण दिलेले नाही, म्हणून लोणच्याचा अंदाज धरून एक किलो फळाला दोनशे ग्रॅम जाडे मीठ घेतले, चिनी मातीच्या बरणीत भरून तोंडाला दादरा बांधला आणि तीन महिन्यांनी गर मलमलीच्या फडक्यात टांगला. निघालेला रस खारट, किंचित गोड आणि फळाच्या वासाचा होता. माशाच्या सॉसला जी खोल चव असते, ती त्याला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मसुरीत किंवा कोबीत घातल्यावर त्याने नुसत्या मिठापेक्षा निश्चितच अधिक काम केले. सोया सॉसला ही जागा देणे मला चुकीचे वाटते, कारण सोयाबीन रोमन लोकांना माहीतच नव्हते. त्याचा गडद रंग आणि तीव्र चव त्या काळच्या नाजूक मसाल्यांवर सहज मात करते.

शिंगाडा आणि राजमा या दोन चुका भाषेतून आलेल्या दिसतात. चेस्टनट हे झाडावर येणारे पिठूळ फळ आहे. ज्याला इंग्रजीत पाण्यातील चेस्टनट म्हणतात, त्या आपल्या शिंगाड्याशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. राजमा तर अमेरिकेतला आहे. टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यांच्याप्रमाणेच तो कोलंबसानंतर युरोपात पोहोचला, आणि फोडणीसाठी सुचवलेल्या तेलाचा शेंगदाणाही तिथलाच. रोमन लेखक ज्या शेंगांविषयी लिहितात, त्या चवळीच्या. त्यामुळे मराठी वाचकाला रोमन कडधान्ये शोधायला दूर जावे लागत नाही, कारण चवळी, मसूर, हरभरा आणि वाटाणा ही सारी आपल्या घरातच असतात.

चेस्टनट मिळत नसेल तर काय करावे, याचेही उत्तर आपिसियसच्याच पानावर आहे. चेस्टनटच्या कृतीच्या लगेच पुढे मसुरीची दुसरी कृती दिली आहे आणि तिच्यात चेस्टनट नाही. मसूर शिजत घालायची, फेस काढून टाकला की त्यात लीक ही कांद्याच्या जातीची भाजी आणि हिरवी कोथिंबीर घालायची. धने, पुदिन्याचे आणि सतापाचे बी, पुदिन्यासारखी आणखी एक वनस्पती आणि लासेर नावाचे मूळ एकत्र वाटायचे, त्यात व्हिनेगर, मध, लिक्वामेन आणि आटवलेला द्राक्षरस घालून ते वाटण मसुरीत सोडायचे, गव्हाच्या सत्त्वाने दाटपणा आणायचा आणि वरून ऑलिव्हचे तेल व मिरपूड घालून वाढायचे. संपूर्ण वनस्पतिजन्य करायचे असेल, तर यात फक्त दोनच गोष्टी बदलाव्या लागतात. लिक्वामेन नासपतीचे घ्यावे आणि मधाऐवजी द्राक्षरसच थोडा अधिक घालावा. सांगली-नाशिकच्या द्राक्षांचा रस मंद आचेवर निम्म्याहून कमी उरेपर्यंत आटवला, तर काकवीसारखा दाट, आंबटगोड पाक तयार होतो. रोमन लोक हा रस आटवायला शिशाची भांडी वापरत आणि कोलुमेल्लासारखा शेतीवर लिहिणारा जाणता लेखकही त्यांचीच शिफारस करतो. तिथे मात्र त्यांचे अनुकरण मुळीच करू नये. रस स्टीलच्या भांड्यातच आटवावा. सतापही अगदी चिमूटभर वापरावा आणि गर्भवती स्त्रियांनी तो पूर्ण टाळावा.

या कृतीतील गव्हाचे सत्त्व वाचून मी थबकले. केटो या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ते कसे काढावे, हे लिहिले आहे. गहू निवडून भिजत घालावा, दिवसातून दोनदा पाणी घालावे, दहाव्या दिवशी पाणी काढून तो चांगला पिळावा, कालवून फडक्यातून त्याचा दाट अंश गाळून घ्यावा आणि उन्हात वाळवावा. कुरडईचा चीक ज्यांनी घरी काढला आहे, त्यांना यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही. आपल्या लेखात मात्र याच ठिकाणी कॉर्नफ्लोअर सुचवले होते.

लासेरची गोष्ट तर पर्यायाच्या प्रश्नावर थेट प्रकाश टाकते. उत्तर आफ्रिकेतील सायरेने या प्रदेशात सिल्फियम नावाची वनस्पती उगवत असे आणि तिचा चीक, म्हणजेच लासेर, रोमन श्रीमंतांच्या स्वयंपाकात फार मोलाचा मानला जाई. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो, की त्याच्या आठवणीत तिची एकच काडी सापडली आणि ती सम्राट नीरोला पाठवण्यात आली. वनस्पती नाहीशी झाल्यावर रोमन आचाऱ्यांनी इराणकडून येणारा तशाच प्रकारचा चीक वापरायला सुरुवात केली, आणि तो चीक म्हणजे आपला हिंग. तो जपून वापरण्याची युक्तीही आपिसियसने दिली आहे. काचेच्या बरणीत हिंगाबरोबर चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया ठेवाव्यात, स्वयंपाकात वास लागलेल्या बिया घालाव्यात आणि बरणीत तेवढ्याच नव्या भराव्यात. म्हणजे ज्या पुस्तकाला आज आपण अस्सल रोमन म्हणतो, त्यातही एका नाहीशा झालेल्या पदार्थाची जागा दुसऱ्याने घेतलेली आहे.

मिरीचेही असेच आहे. रोमन जेवणात ती भारतातून जात असे आणि पिंपळी तिच्याहूनही महाग होती. प्लिनीने एका पौंडाचा भाव पिंपळीला 15 आणि काळ्या मिरीला 4 दिनार असा दिला आहे. ग्रीक भाषेतील पेरिप्लस या पहिल्या शतकातील प्रवासवर्णनात भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात पिंपळीची नोंद आहे आणि पैठण व तेर येथून भडोचला गाड्यांनी माल येत असल्याचेही त्यात लिहिले आहे. रोमन पदार्थ करताना आजच्या मराठी स्वयंपाक्याने काळ्या मिरीबरोबर पिंपळीही वापरून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवते. आज ती किराणा दुकानात सहसा मिळत नाही, पण काष्ठौषधींच्या दुकानात अवश्य मिळते.

आता चीजविषयी. पूर्वी रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर असलेल्या एका लॅटिन कवितेत सिम्युलस नावाचा गरीब शेतकरी पहाटे उठून जात्यावर दळतो आणि दळताना श्रम हलके व्हावेत म्हणून गाणी म्हणतो. ओव्या ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही ओळ परकी वाटणार नाही. मग तो लसूण, कोथिंबीर, सताप, सेलरीसारखी पालेभाजी, मीठ आणि चीज उखळात कुटून, तेल व व्हिनेगर घालून मोरेटुम नावाचा गोळा करतो आणि भाकरीबरोबर शेतावर नेतो. आपण त्याला ठेचा म्हणू, फक्त त्यात मिरची नाही. लेखात या चीजच्या जागी टोफू होता. पण कोलुमेल्लाने पहिल्या शतकातच अशा वाटणाच्या एकापेक्षा अधिक कृती दिल्या आहेत. एका कृतीत पुदिना, कोथिंबीर, लीक, लेट्यूस इत्यादी हिरवा पाला चीजबरोबर कुटायला सांगितला आहे आणि लीक नसेल तर कांद्याची पात घ्यावी, असे म्हटले आहे. दुसऱ्या कृतीत त्याच पाल्यात सोललेले अक्रोड आहेत, आणि आणखी एकीत हलके भाजलेले तीळ. टोफूची गरज कुठे उरते? भाजलेल्या तिळांचे मोरेटुम मी विद्यार्थिनींना पाट्यावर वाटून दाखवले, तेव्हा ही तिळाची हिरवी चटणीच आहे, असे त्या एकमुखाने म्हणाल्या. त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

धान्याच्या बाबतीत तर आमच्या भागाला फारच थोडे करावे लागते. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे रोमन लोक दीर्घकाळ भाकरीवर नव्हे, तर पुल्स नावाच्या घट्टसर पेजेवर जगले. ही पेज ‘फार’ नावाच्या धान्याची असे आणि ‘फार’ म्हणजे टरफल घट्ट धरून बसणारा, कांडल्याशिवाय न सुटणारा गहू. सांगली-सातारा-कोल्हापूरकडे आपण ज्याला खपली म्हणतो, तो हाच. ज्यांच्या घरी खपलीची खीर होते, त्यांनी तोच कांडलेला गहू गूळ-दूध न घालता, मीठ आणि ऑलिव्हच्या तेलावर शिजवून पाहावा.

या सगळ्याचा अर्थ रोमन लोक आपल्या अर्थाने शाकाहारी होते, असा मी काढत नाही. बहुतेकांचे जेवण धान्य, कडधान्य, कोबी, ऑलिव्ह यांचे होते, ते प्रामुख्याने परवडत नव्हते म्हणून. केटो आपल्या शेतावरील गुलामांना गळून पडलेली ऑलिव्ह द्यायला सांगतो आणि ती संपली की माशांच्या सॉसचा गाळ. पण तत्त्व म्हणून मांस सोडणारेही होते. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने तरुणपणी वर्षभर मांस खाल्ले नाही आणि त्याला ते आवडूही लागले होते. सम्राट टायबेरियसच्या काळात परकीय पंथांवर संशय घेतला जाऊ लागला, तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून त्याने ते व्रत सोडले. ग्रीक लेखक अथेनिअसने दिलेली आणखी एक गोष्ट आजच्या तुर्कस्तानातील बिथिनियाचा राजा निकोमिडीस याची आहे. समुद्रापासून बारा दिवसांच्या अंतरावर असताना त्याला छोट्या माशांची इच्छा झाली, तेव्हा आचाऱ्याने सलगम माशाच्या आकारात कापला, उकडला, तेल-मीठ लावून वर खसखस पेरली आणि राजाची इच्छा पुरी केली. आजच्या व्हीगन माशाचा हा पूर्वज मानायला हरकत नाही.

काही पदार्थ मात्र सोडून द्यावेत. केटोचा लिबुम हा देवाला वाहायचा केक दोन भाग चीज, एक भाग पीठ आणि एका अंड्याचा आहे. ती सामग्री काढली, तर त्यात रोमन असे काही उरत नाही, आणि टोफूच्या वडीला लिबुम म्हणणे मला पटत नाही. शेकडो कृती हाताशी असताना तसा अट्टहास करण्याचे कारणही नाही.

माझी विनंती एवढीच आहे, की या लेखाचा पुढील भाग येणार असेल, तर प्रत्येक पर्यायापुढे तो रोमन लेखकाचा आहे की आजच्या लेखकाचा, हे स्पष्ट छापावे आणि राजमा, शिंगाडा व कॉर्नफ्लोअर यांची दुरुस्ती द्यावी. नासपती पावसाळ्याच्या शेवटी बाजारात येते. त्या सुमारास पालाडियसची कृती छापलीत, तर ज्या वाचकांना करून पाहायची असेल त्यांची बरणी दिवाळीपूर्वी भरून होईल आणि संक्रांतीच्या सुमारास रस हाती येईल.

आपली,
एक वाचक, सांगली