आप्पा, तुम्ही विचारलेल्या सापाची गोष्ट

ती. आप्पा आणि आई,
सा. न.

आप्पा, तुम्ही व्हॉट्सअपवर सापासारख्या लांबलचक अमेरिकन मतदारसंघाचा तो नकाशा पाठवून विचारलंत ना, "हा साप तुमच्या गावातला का?" तर हो, आमच्याच गावातला. म्हणजे आता तो साप राहिला नाही, पण डोकं-शेपटी जे काय होतं ते इथे शार्लटपर्यंत यायचं, आणि आम्ही राहतो तो भाग आजही त्याच नंबरात आहे, नॉर्थ कॅरोलिना राज्याचा १२ वा डिस्ट्रिक्ट, म्हणजे खासदारकीचा मतदारसंघ. फोनवर सांगायला गेले की आई मधेच जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच काढते.

तर हा १२ नंबर आधी पण होता, १९४३ पासून, पण पार पश्चिमेला डोंगरात, ॲशव्हिलच्या बाजूला. १९६० च्या जनगणनेत राज्याची एक जागा कमी झाली आणि १२ नंबर गेला, तो ३० वर्षं नव्हताच. इथे दर १० वर्षांनी जनगणना झाली की कुठल्या राज्याला किती खासदार ते नव्याने ठरतं, आपल्यासारखं १९७१ च्या आकड्यावर गोठवून ठेवलेलं नाही. १९९० ला लोकसंख्या वाढली, जागा परत मिळाली, आणि खरं रामायण तिथून सुरू.

त्याच्या मागचं सांगते, नाहीतर सापाचं कारणच कळणार नाही. जॉर्ज हेन्री व्हाइट नावाचे एक कृष्णवर्णीय खासदार होते इथले. १९०० साली राज्याने घटना बदलून मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा लावली, आणि गोऱ्यांना त्यातून सुटायला पळवाट ठेवली, ज्याचा बाप-आजा आधी मतदार होता त्याला परीक्षा नाही. आता गुलामाचा आजा कुठून मतदार असणार! व्हाइटनी ओळखलं की आता आपण निवडून येत नाही, १९०१ च्या जानेवारीत सभागृहात निरोपाचं भाषण केलं की आमचा समाज एक दिवस इथे परत येईल. ते परत यायला १९९२ ची निवडणूक उजाडली आप्पा. तोपर्यंत या राज्यातून एकही कृष्णवर्णीय माणूस काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेला नाही, आणि राज्यात पाचातला एक माणूस त्या समाजाचा.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यात अशी तरतूद होती की जिथे पूर्वी असले प्रकार झालेत तिथे नकाशा बदलायचा तर आधी दिल्लीची, म्हणजे वॉशिंग्टनची परवानगी घ्या. इथल्या १०० पैकी ४० काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, त्यात यायच्या. राज्याने पहिला नकाशा पाठवला त्यात कृष्णवर्णीय बहुमताचा एकच डिस्ट्रिक्ट, न्याय खात्याने हरकत घेतली की दुसरा पण होऊ शकतो, राज्याच्या दक्षिण-आग्नेय भागात करा म्हणून सुचवलं सुद्धा. पण तेव्हा विधिमंडळात डेमोक्रॅट, त्यांना आपले जुने गोरे खासदार पण सांभाळायचे होते, मग त्यांनी दुसरा डिस्ट्रिक्ट केला तो भलतीकडेच, इंटरस्टेट ८५ हायवेच्या कडेने!

लांबी १६० मैल, म्हणजे साधारण २५७ किलोमीटर. समजा पुण्यात वस्तीचा एक तुकडा घेतला, मग नुसता पुणे-बंगलोर हायवे धरून खाली आले, साताऱ्यात एक आळी, कराडात आपली पेठ तेवढी उचलली, परत हायवे, आणि कागलच्या पुढे कुठेतरी थांबले, आणि याला म्हणायचं एक मतदारसंघ. अगदी तसंच होतं ते, डरॅम, ग्रीन्सबरो, विन्स्टन-सेलम, शार्लट, गॅस्टोनिया इथल्या वस्त्या ओवलेल्या, मधे काही ठिकाणी रुंदी फक्त रस्त्याएवढी. सुप्रीम कोर्टाच्या निकालात लिहिलंय की काही काउंट्यांमध्ये हायवेवर उत्तरेकडे जाणारा एका डिस्ट्रिक्टात आणि दक्षिणेकडे जाणारा दुसऱ्यात, आणि पुढच्या काउंटीत शिरलं की अदलाबदल. एका आमदाराचं वाक्य पण त्यात आहे, की गाडीची दोन्ही दारं उघडी ठेवून हायवेवरून गेलात तर डिस्ट्रिक्टातले बहुतेक लोक मरतील.

पण त्याच नकाशातून १९९२ ला मेल वॉट निवडून आले, शार्लटचे वकील, आणि दुसरीकडून, १ नंबरातून, ईव्हा क्लेटन. व्हाइट यांच्यानंतर हे पहिले दोघं. त्यामुळे मला त्या सापाला नुसतं हसता येत नाही.

मग कोर्टबाजी. १९९३ ला शॉ विरुद्ध रेनो, ५-४, न्यायमूर्ती ओकॉनर म्हणाल्या की वंश सोडून दुसरं काही कारणच दिसत नसेल इतका विचित्र आकार असेल तर कोर्टाला बघावं लागेल. १९९६ ला परत ५-४ ने डिस्ट्रिक्टच रद्द. १९९७ ला नवा नकाशा, थोडा आखूड, निम्म्याहून कमी कृष्णवर्णीय, तो पण खालच्या कोर्टाने अडवला, १९९८ ला तात्पुरता तिसरा आणि त्या वर्षी पक्षांतर्गत निवडणूक सप्टेंबरला ढकलली. शेवटी २००१ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं ९७ चा चालेल, कारण तो वंशावर नाही तर पक्षावर आखलाय, आणि इथे कृष्णवर्णीय मतदार बहुतेक डेमोक्रॅट असल्यामुळे दोन्ही एकसारखंच दिसतं. तेही ५-४, आणि यावेळी ओकॉनर दुसऱ्या बाजूला! दहा वर्षांत एका डिस्ट्रिक्टसाठी चारदा सुप्रीम कोर्ट, आणि या सगळ्यात मेल वॉट मात्र दरवेळी निवडून येतायत, नकाशा कुठलाही असू दे.

आता खरी मेख ऐका. २०१० ला विधिमंडळ रिपब्लिकन लोकांकडे गेलं. त्यांनी २०११ ला काय केलं, तर सापाला अजून भरवला. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय जवळपास ४४ टक्के होते ते ५०.७ वर नेले, आणि कारण काय सांगितलं, तर तोच १९६५ चा कायदा. ऐकायला बरं वाटतं, पण एकाच ठिकाणी सगळे कोंबले की शेजारच्या डिस्ट्रिक्टांत ते उरतच नाहीत. म्हणजे ज्या आकाराने त्यांना आवाज मिळाला त्याच आकारात त्यांना डांबून ठेवलं. २०१६ च्या फेब्रुवारीत कोर्टाने हा नकाशा रद्द केला, पोस्टाने मतं यायला सुरुवात पण झाली होती बरं का, आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

२०१६ ला साप संपला, १२ वा एकट्या मेक्लेनबर्ग काउंटीत, म्हणजे शार्लटपुरता बसवला, अगदी आटोपशीर. आमच्या खासदार अल्मा ॲडम्स, वॉट यांच्यानंतर २०१४ ला आलेल्या, रोज नवी टोपी घालतात त्या (आईला दाखवलेला फोटो), त्या ग्रीन्सबरोला राहायच्या, मग शार्लटला राहायला आल्या. आणि ग्रीन्सबरोला एन सी ए अँड टी म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे, १९६० ला ज्या चार मुलांनी दुकानातल्या गोऱ्यांच्या खाण्याच्या काउंटरवर बसून सत्याग्रह केला ना, ती तिथलीच, त्या कॅम्पसच्या बरोबर मधून रेघ गेली! अर्धी हॉस्टेलं एका डिस्ट्रिक्टात, अर्धी दुसऱ्यात. नकाशा दिसायला सुबक, आणि करणारे रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुइस समितीच्या बैठकीत उघड म्हणाले की १३ पैकी १० जागा आम्हाला येतील असा करू, कारण ११ येतील असा काढणं शक्य वाटत नाही. २०१९ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं पक्षाच्या फायद्यासाठी केलं असेल तर केंद्रीय कोर्ट यात पडणार नाही. आणि गंमत म्हणजे इथे गव्हर्नरला बाकी कायदे अडवता येतात पण हे नकाशे नाही. तेव्हापासून राज्याच्या कोर्टात एकदा असं एकदा तसं, २०२२ ला दोन्ही पक्षांना ७-७ जागा, २०२३ ला परत नवा नकाशा, २०२४ ला रिपब्लिकन १० आणि डेमोक्रॅट ४.

तुम्ही म्हणता ना, कराडची लोकसभा २००८ च्या फेररचनेत कुणाला न विचारता साताऱ्यात घातली. पटतं, पण निदान ती रेघ निवडून येणाऱ्याने नाही मारली, कुलदीप सिंग आयोगाने मारली, आणि तिथे कोर्टात जायची सोय जवळजवळ नाहीच. इथे उलट, रेघ आमदारच मारतात आणि मग आयुष्यभर कोर्टात भांडतात. मला विचाराल तर मी आयोग घेईन, कराड गेलं तरी. तुम्ही चिडणार आहात माहितीये.

अजून एक, आम्हाला मत नाही पण २०२० च्या जनगणनेत आम्ही मोजलो गेलो. डिस्ट्रिक्टला जी ७ लाख ४५ हजार माणसं लागतात ना, त्यात आम्ही तिघं धरलेले आहेत.

आता जनगणना झाली की तिकडे पण आयोग बसेल, तेव्हा कट्ट्यावरचे सगळे मिळून कराड परत मागणार असाल तर निवेदन आधी मला पाठवा, टाइप करून देते. आईला सांगा मेतकूट मिळालं, काळा मसाला मात्र कस्टमवाल्यांनी फोडून बघितलाय.

तुमची
मनी